लॉर्ड्सची कसोटी आणि भिशीचे पैसे

प्रश्न : मी सांगलीत माध्यमिक शिक्षिका आहे, मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख १० हजार हातात येतात. घराचा हप्ता १९,५००. एसआयपी २८,०००, त्यातले १२,००० लेकीच्या शिक्षणाच्या नावाने. बचत खात्यात २ लाख ६० हजार आहेत. शिवाय तिच्याच शिक्षणासाठी ठेवलेली ६ लाखांची एफडी आहे. एप्रिलमध्ये माझी १ लाख २० हजारांची भिशी लागेल. लेक दहावीत आहे, क्लबकडून क्रिकेट खेळते, ऑगस्टमध्ये तिला १६ पूर्ण होतील. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून जुलै २०२६ मधली लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरची महिला कसोटी बघायचीच, असं तिने डोक्यात घेतलंय. एका टूर कंपनीने सहा रात्री आणि दोन दिवसांची तिकिटं धरून माणशी २ लाख ८५ हजार सांगितलेत, २४ हप्त्यांत फेडा म्हणतात. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा एफडी मोडू. चुलत दीर लंडनजवळ स्लाउला राहतात. आम्ही तिघांनी जावं का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक खर्च नाही, आधी तो लिहून घ्या. लेक मार्चमध्ये दहावीतून सुटेल आणि जूनमध्ये अकरावी-बारावीच्या क्लासवाल्यांकडे फीचा पहिला हप्ता भरावा लागेल. लाखभर तरी धरा. लंडनची बहुतेक रक्कम भरायची वेळ आणि हा हप्ता एका महिन्याच्या अंतराने येणार आहेत. माझं पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी पॅकेज. तिघांचे ८ लाख ५५ हजार. परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस (कंपनीने आधीच गोळा करायचा आयकर) कापत, त्या दराने आणखी ४२,७५० होतात. हे पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरताना वळते होतात, किंवा तुम्ही पगारदार असल्यामुळे शाळेत त्याचा फॉर्म भरून दिलात तर पगारातला टीडीएस तेवढा कमी कापला जाईल. पण भरताना खिशातून जातात ते जातातच. व्हिसा त्यांच्या दरात नाही, तो वेगळा. सगळं मिळून साडेनऊ लाखांना थोडे कमी. हप्त्यांची गोष्ट तर विचारू नका : १४ टक्के दराने २४ महिने म्हटलं तर महिन्याला ४१,००० आणि एकूण व्याज १ लाख ३० हजारांच्या आसपास. सहा रात्रींसाठी दोन वर्षं घराच्या हप्त्याच्या दुप्पट रक्कम भरत बसणं मला पटत नाही.

पॅकेज अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या घराला विमानतळावर कुणी न्यायला येणं, संध्याकाळी शाकाहारी जेवण समोर येणं, याला किंमत आहे. पण तुमचे दीर तिथेच राहतात आणि तुम्हाला एकच शहर बघायचंय. लंडन हे स्वतः आखायला सगळ्यात सोपं शहर आहे. त्या सोयीसाठी चार लाखांवर जास्त मोजायचे, हे मला जड वाटतं.

आता स्वतः आखलं तर काय पडेल ते बघू. पाउंड मी १२० रुपये धरतो. व्हिसाची फी २०२५ मध्ये माणशी १२७ पाउंड होती, म्हणजे १५ हजारांच्या वर, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमानाचे जुलैत ७२ हजार धरलेत. आठ रात्री, खाणं, फिरणं, विमा, सिमकार्ड, व्हिसासाठी पुण्याला बोटांचे ठसे द्यायला जायचा खर्च आणि अडीअडचणीचे तीसेक हजार धरून तिघांचे ४ लाख ७० हजार होतात, दोघांचे ३ लाख ३५ हजार.

तुमच्याकडे यासाठी मोकळे पैसे किती? भिशीचे १ लाख २० हजार. डिसेंबर ते जून शिक्षणाची एसआयपी चालू ठेवून बाकीची १६,००० ची थांबवलीत तर १ लाख १२ हजार. झाले २ लाख ३२ हजार. दोघं गेलात तर बचत खात्यातून एक लाख काढावे लागतील, दीड लाखावर मागे राहतील आणि क्लासचा हप्ता त्यातून निघेल. तिघं गेलात तर खात्यात वीस-बावीस हजार उरतात. तेवढ्यावर जूनमध्ये क्लासवाल्यासमोर उभं राहायचं आणि घराचा हप्ताही भरायचा, हे मी सुचवणार नाही.

म्हणून माझं मत : जा, पण दोघं. लेक आणि तुमच्यापैकी एक.

एफडी मोडू नका. मोडण्याचा दंड एखादा टक्का असतो, त्याने कुणी बुडत नाही. माझी भीती वेगळी आहे. एकदा मोडलेली एफडी पुन्हा सहा लाखांची झालेली मी फार घरांत पाहिलेली नाही आणि २०२८ च्या जूनमध्ये कॉलेज फी मागणारच. तिघांनीच जायचं असा हट्ट असेल, तर तिसऱ्या माणसाचे १ लाख ३५ हजार एफडी न मोडता तिच्यावर कर्ज म्हणून काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लागेल. महिन्याला १६,००० प्रमाणे नऊएक महिन्यांत फिटेल. तोवर खात्यातली गंगाजळी भरून निघणार नाही, एवढी किंमत मोजायची तयारी हवी.

एफडी जागेवर असण्याचा दुसरा उपयोग व्हिसाच्या वेळी कळेल. अधिकारी बघतो तो पगार, गेल्या सहा महिन्यांचा खातेउतारा आणि माणूस परत येईल याची कारणं. एफडीची पावती तिथे कामी येते. भिशीचे पैसे बहुतेक रोख मिळतील. ते अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात भरू नका. अचानक आलेली सव्वा लाखाची रोकड बघितली की पैसे कुठून आले हा प्रश्न निघतो आणि 'भिशी' इंग्रजीत समजावताना तुमची दमछाक होईल. व्हिसा हातात आल्यावर भरा.

मुक्कामावर जरा थांबतो, कारण अख्ख्या बजेटमध्ये तुमच्या हातात असलेला खर्च तोच आहे. विमान आणि व्हिसात फार हलत नाही.

कसोटी १० ते १३ जुलै, शुक्रवार ते सोमवार. विम्बल्डन १२ जुलैला संपतं, म्हणजे दोन्ही गर्दी एकाच शनिवार-रविवारी. रद्द करता येणारी खोली डिसेंबरमध्येच धरून ठेवा. रद्द न होणारी खोली स्वस्त दिसते, पण तुमचा व्हिसा मेच्या आधी कळणार नाही, तेव्हा तो मोह नको. अख्खं घर भाड्याने घ्यायचं म्हटलं, तर लंडनमध्ये घरमालक खास परवानगीशिवाय ते वर्षाकाठी ९० रात्रींपेक्षा जास्त पर्यटकांना देऊ शकत नाही आणि साफसफाईचे वेगळे पैसे लागतात. पाच रात्री, दोन माणसं, एवढ्यासाठी ते मला परवडणारं वाटत नाही.

त्यापेक्षा विद्यापीठांची वसतिगृहं बघा. उन्हाळ्यात मुलं घरी गेली की तिथल्या खोल्या पर्यटकांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचीही आहेत. खोली लहान असते, पलंग कॉलेजातल्यासारखे, काही ठिकाणी नाश्ता मिळतो, काही ठिकाणी सामायिक स्वयंपाकघर. मी रात्रीचे ९५ पाउंड धरलेत. दुसरा पर्याय वेम्बली पार्कचा. तिथून ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, ज्युबिली लाइनने थेट सेंट जॉन्स वुडला उतरायचं, वीसेक मिनिटं, आणि पुढे लॉर्ड्स चालत. ईलिंग रोडला गुजराती खानावळी आहेत, पोटाची चिंता नाही. फक्त खोली धरण्याआधी तिथल्या वेम्बली स्टेडियममध्ये त्या रात्री गाण्याचा कार्यक्रम नाही ना, ते बघा. असेल तर दर आभाळाला भिडतात.

दिरांकडे आठही रात्री राहिलात तर ५७,००० वाचतात, ही काही लहान रक्कम नव्हे. तरी मी तसं सुचवत नाही. एलिझाबेथ लाइन ही रेल्वे स्लाउपर्यंत जाते खरी, पण ते लंडनच्या तिकीट-झोनच्या बाहेर आहे. ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या प्रवासाचं पैसे भरून वापरायचं कार्ड, वेस्ट ड्रेटन स्टेशनपर्यंतच चालतं, पुढे बँकेचं कार्ड टेकवावं लागतं. रोज दोघींचं जाणं-येणं, सामना संपल्यावर रात्रीचा प्रवास आणि यजमानांच्या जेवणाच्या वेळा सांभाळणं, यात वाचलेल्यातलं बरंच निघून जाईल. स्लाउ हीथ्रोच्या शेजारीच आहे, याचा फायदा घ्या. ७ जुलैला उतरलात की पहिल्या दोन रात्री तिथे, झोप जुळेपर्यंत. मग ९ पासून पाच रात्री शहरात. १४ ची शेवटची रात्र पुन्हा स्लाउ आणि १५ ला विमान. दिरांसाठी भडंग आणि हळद न्या, त्यांना पाउंडातल्या भेटवस्तूपेक्षा तेच आवडेल.

शहरात फिरताना लेकीचं वय कामी येतं. ११ ते १५ वर्षांच्या पाहुण्या मुलांसाठी ट्यूब स्टेशनवरचा कर्मचारी ऑयस्टर कार्डावर १४ दिवसांची सवलत घालून देतो, भाडं निम्मं होतं. ती ऑगस्टमध्ये सोळाची होणार म्हणजे थोडक्यात साधलंय, पासपोर्ट दाखवायला जवळ ठेवा. तुम्हाला वेगळं काही नको, बँकेचं कार्ड टेकवत चला. पहिल्या दोन झोनमध्ये दिवसाला एका मर्यादेच्या वर कापत नाहीत, २०२५ मध्ये ती ८ पाउंड ९० पेन्स होती. बसमध्ये रोकड चालत नाही. बसचं भाडं २०२५ मध्ये १ पाउंड ७५ पेन्स होतं आणि तासाभरात दुसरी बस घेतली तर ती फुकट.

कोणतं कार्ड, तेही बघून घ्या. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपये तेरा पैसे जातात. पाउंड भरलेलं फॉरेक्स कार्ड बरं. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत की पाउंडांत' विचारलं तर पाउंडच दाबा. रुपयांतला भाव दुकानाच्या बाजूचा असतो.

खाण्याचे दोघींचे दिवसाला ४० पाउंड धरलेत. हॉटेलात दोन वेळा बसलात तर पुरणार नाहीत. दुपारी सुपरमार्केटमधलं सँडविच-पेय, रात्री गरम जेवण, असं केलंत तर पुरतात. लॉर्ड्सवर आपला डबा नेऊ देतात, ही गोष्ट मला त्या मैदानाबद्दल फार आवडते. ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना तिकीट नाही. लॉर्ड्सपासून अर्ध्या तासाच्या चालीवर, प्रिमरोज हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड हे घर आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. तिथेही पैसे पडत नाहीत.

पैसे कोणत्या क्रमाने अडकवायचे, ते चुकवू नका. पहिलं सामन्याचं तिकीट, तेही लॉर्ड्सच्या किंवा इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. लॉर्ड्सवर महिलांची कसोटी पहिल्यांदाच होतेय. २०१७ चा विश्वचषक आपण त्याच मैदानावर नऊ धावांनी गमावला होता, त्यामुळे आपली माणसं तिकिटांवर तुटून पडणार. चारही दिवसांची घेऊ नका, शुक्रवार-शनिवार पुरे. तिकीट मिळालं नाही तर सहल रद्द आणि खर्च शून्य. दुसरी, रद्द होणारी खोली. तिसरा व्हिसा. प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, म्हणून दहावीचा पेपर संपल्यावर निवांत कागद जमवा आणि एप्रिलच्या मध्यात पुण्याला जाऊन या. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. विमान शेवटी, मेमध्ये. तोवर भाडं पाच-दहा हजारांनी चढेल, हे मला ठाऊक आहे. पण व्हिसा नाकारल्यावर परत न मिळणारं दीड लाखाचं तिकीट हातात राहण्यापेक्षा ती वाढ परवडते. भिशी आणि सहा महिन्यांची थांबवलेली एसआयपी मिळून मेपर्यंत २ लाख १६ हजार जमलेले असतील. व्हिसा आणि विमान दोन्ही त्यात बसतात, कर्ज कुठेच लागत नाही.

राहिला प्रश्न दोघांतलं कोण जाणार, हा. अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश २०२५ पासून सांगलीलाही लागू झालेत. त्या वर्षी पहिली यादी जूनअखेरीस लागली आणि फेऱ्या जुलै-ऑगस्टपर्यंत रेंगाळल्या. तुमच्या आठवड्यात यादी लागली तर कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का करायला घरचं कुणीतरी इथे हवं. मुदत दोन-चार दिवसांचीच असते. त्यामुळे एकाने मागे राहणं नुसतं पैशांसाठी नाही. मिस्टर क्रिकेटवेडे असतील आणि तुम्हाला नुसतं शहर बघायचं असेल, तर त्यांना पाठवा आणि प्रवेशाचं तुम्ही बघा. शिक्षिका आहात, तुम्हाला ते सोपं जाईल. तुम्ही गेलात तर खेळ आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो, ते कामावरून येऊन टीव्हीवर बघतील. कुणीही राहो, मागे राहणाऱ्याने लेकीच्या प्रवासाला संमती असल्याचं इंग्रजी पत्र सही करून, पासपोर्टची प्रत जोडून द्यावं. ते व्हिसाच्या अर्जातही लावा आणि एक प्रत हीथ्रोला दाखवायला हातातल्या पिशवीत ठेवा.