पहिल्यांदा आखाडा बघायला जाताय? मग लवकर जा

चैत्र-वैशाखात मुळशी, मावळ, खेडकडे गावोगावच्या यात्रांत कुस्तीचे आखाडे भरतात. फ्लेक्सवरची शेवटची, मोठ्या इनामाची जोड बघायला दिवस मावळताना पोचणं ही नवख्यांची ठरलेली चूक. तोवर उद्याचे पैलवान लढून, अंग धुऊन घरी निघालेले असतात. इनाम लहानापासून वर चढत जातं, म्हणून दुपारीच जागा धरा. सतरा-अठराची पोरं खरी बघण्यासारखी. त्यांना नाव करायचंय, राखायचं नाही, त्यामुळे ती थेट अंगावर जातात.

हातसलामी झाली की चेहरा सोडा, पाय बघा. वजन टाचेवर गेलं की समोरचा खाली घुसून पाय धरणार, तो पट. उभ्यानं हात-मान जखडून फेकलं की ढाक. खाली दाबलेल्याला लंगोटाला धरून उलथवला की घिस्सा. सध्या एवढेच तीन डाव ओळखा, कलाजंग-भारंदाज नंतर.

दुसरी चूक म्हणजे मॅटवरच्या कुस्तीचा हिशेब मातीत लावणं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण. यात्रेतल्या निकाली कुस्तीत एकाची पाठ मातीला लागली तरच निकाल. पाच मिनिटं नुसती मानेवर मान दिसते तेव्हा कंटाळू नका, एकजण दुसऱ्याचा दम काढतोय. कोण तोंडानं श्वास घेतोय ते हेरा.

आणि हौद्याला, म्हणजे कुस्तीच्या मातीला, अगदी खेटून बसू नका. पैलवान मांडीवर येतात, माती डोळ्यांत जाते. (हलगीवाल्याच्या शेजारी तर नकोच!)