प्रियकर गाताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. पुच्चिनीच्या 'तुरान्दोत' ऑपेरातलं, नायक कालाफचं 'नेस्सुन दोर्मा' येणार हा अंदाज होताच. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात पावारोत्तीच्या आवाजात ते घराघरांत पोचलं आणि तेव्हापासून प्रत्येक नवा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक, तेच गाऊन दाखवतो. आवाज छान लागलाय, दमसासही आहे. पण कालाफ तूर्त बाजूला ठेव. पुच्चिनीने त्याच्याभोवती केवढा ऑर्केस्ट्रा उभा केलाय! तुझ्या वयात त्याच्यावर मात करायला गेलास तर गळ्याची वाट लागेल. आणि शेवटच्या 'विन्चेरो'तल्या ('मी जिंकेन') ज्या वरच्या बी सुरावर तू एवढा जीव टाकलास, तो स्कोअरमध्ये, म्हणजे लिखित स्वरलिपीत, अगदी आखूड लिहिलाय. लांब आहे तो त्याच्याखालचा ए. बी ताणायची प्रथा पडली, एवढंच.

प्रियकराच्या भूमिकांची तयारी कुठून सुरू करू, असं विचारलं आहेस. हळू गायच्या जागांपासून कर. आणि समोरची गात असते तेव्हा तू काय करतोस, तिथपासून.

बिझेचं 'कार्मेन' उघड, दुसरा अंक, सैनिक होझेचं फुलाचं गाणं. होझेने कार्मेनला पळून जाऊ दिलं म्हणून तो दोन महिने तुरुंगात होता. सुटून तिच्याकडे आलाय, तेवढ्यात छावणीचा बिगुल वाजतो आणि हा परत निघायची भाषा करतो. ती चिडते, टर उडवते. मग तो तिने पूर्वी फेकलेलं, जपून ठेवलेलं सुकलेलं फूल काढतो. कोर आंग्ले या फुंकवाद्यावर नियतीची धून येते आणि गाणं सुरू होतं. तुरुंगात त्या फुलाचा वास घेत, डोळे मिटून तिला कसं आठवत होतो, हे तो सांगतोय. शेवटाकडे सूर पायरीपायरीने वरच्या बी फ्लॅटपर्यंत चढतात. शब्दांचा अर्थ असा की, मी तुझी एक वस्तू होऊन गेलो होतो. त्या बी फ्लॅटवर बिझेने पिआनिस्सिमो, म्हणजे अगदी हळू, लिहिलंय. बहुतेक जण तिथे छाती फुगवून पूर्ण आवाज सोडतात. 'मी तुझी वस्तू' हे कुणी ओरडून सांगतं का रे?

तो सूर बारीक लावायला जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. फॉल्सेटोत, म्हणजे पातळ खोट्या आवाजात, पळ काढू नकोस, खालचा आधार सुटला की सूर पोकळ होतो आणि मागच्या रांगेलाही ते कळतं. आधी मधल्या एफवर, मग जीवर, एकच सूर बारीक सुरू कर, फुलव आणि पुन्हा बारीक कर. मेस्सा दि वोचे म्हणतात तो हाच रियाज. बी फ्लॅटपर्यंत पोचायला महिने जातील, जाऊ देत.

आता गाणं संपल्यावर काय होतं ते बघ. शेवटचं 'कार्मेन, माझं तुझ्यावर प्रेम आहे' खालच्या सुरांत, जवळजवळ पुटपुटल्यासारखं आहे. आणि त्यावर कार्मेनचं उत्तर काय? 'नाही, तुझं माझ्यावर प्रेम नाही.' एवढं सगळं काळीज काढून ठेवल्यावर हे! आपल्याकडे संगीत नाटकात वन्समोर मिळाला की नट पद पुन्हा घ्यायचा आणि कथा तिथेच ताटकळत राहायची. ऑपेराच्या नायकालाही ती खोड आहे. टाळ्यांसाठी प्रेक्षकांकडे वळलास तर तिचं 'नाही' तुझ्या पाठीवर आदळेल. तोंड तिच्याकडेच ठेव, मग त्या एका शब्दाने तुझा चेहरा कसा पडतो ते लोकांना दिसेल.

दुसरी गोष्ट ऐकायची. स्पॅनिश टेनर आल्फ्रेदो क्राऊस ऐक. लिस्बनच्या साँव कार्लुश नाट्यगृहात मार्च १९५८ मध्ये झालेल्या व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'चं ध्वनिमुद्रण मिळतं. समोर नायिका व्हिओलेत्ता म्हणून मारिया काल्लास. क्राऊस तिशीचा, कैरोत पदार्पण करून त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली. (नावही आल्फ्रेदो, भूमिकाही आल्फ्रेदो!) पहिल्या अंकातल्या युगुलगीतात व्हिओलेत्ता हलक्याफुलक्या ताना घेत त्याला उडवून लावते, माझ्याकडून फक्त मैत्रीची अपेक्षा ठेव म्हणते. तो आपली सरळ, लांब ओळ सोडत नाही. तिच्या तानांशी तो स्पर्धाही करत नाही. पुढे ती एकटी असताना, मी स्वच्छंदच जगणार असं गात असताना, सज्जाखालून त्याचा आवाज येतो, साथीला हार्प. टेनर तेव्हा विंगेत असतो. समोर प्रेक्षक नाहीत, कंडक्टर दिसलाच तर छोट्या पडद्यावर. ही जागा कोणी मनावर घेत नाही. खरं तर अख्ख्या अंकात व्हिओलेत्ता तिथेच डळमळते.

क्राऊसने जड भूमिकांच्या मागे धावणं टाळलं. बेल्लिनी, दोनिझेत्ती, मासने, व्हेर्दीतलं निवडक, हा त्याचा प्रांत. साठी ओलांडल्यावरही तो तरुण प्रियकर म्हणून उभा राहायचा आणि आवाज शाबूत असायचा. काहींना तो कोरडा वाटतो. माझं मत तसं नाही. त्याचा वेर्थर (मासनेच्या त्याच नावाच्या ऑपेराचा नायक) ऐकशील तेव्हा ध्यानात ठेव, तिसऱ्या अंकात वेर्थर शार्लोतला ओसियनच्या कविता वाचून दाखवतोय. म्हणजे 'पुर्क्वा म रेव्हेये' या गाण्याची पहिली ओळ हातातल्या कागदावरची आहे. ती वाचताना त्याचं स्वतःचं दुःख त्यात कुठे मिसळतं, ते तुझं तुला ठरवायचंय.

पुच्चिनीच्या 'ला बोएम'चं अगदी थोडक्यात. रोदोल्फोचं 'के जेलिदा मानिना' सुरू होतं ते एकाच सुरावर, बोलल्यासारखं. अंधारात मिमीचा हात लागलाय, आणि तिची हरवलेली किल्ली या पठ्ठ्याने आधीच खिशात दडवलीये! थोडा मिश्कीलपणा हवाच. वरचा सी जमत नसेल तर अर्धा स्वर उतरवून गा, नामांकित टेनरांनीही तसं केलंय. अंकाच्या शेवटी दोघं गात बाहेर पडतात, तेव्हा मिमीला वरचा सी आहे आणि रोदोल्फोला खालचा ई. बरेच जण तिच्याबरोबर सीवर चढतात. तू ईवरच थांब, तो सी तिचा आहे.

पुढच्या वेळी दोनिझेत्तीच्या 'लेलिसिर दामोरे'तलं नेमोरिनोचं 'उना फुर्तिव्हा लाग्रिमा' तयार करून आण. बासून या फुंकवाद्याची सुरुवात रेकॉर्डवर नीट ऐक आणि पहिला शब्द तिच्यातूनच उचल. नेमोरिनोने नुकताच अदिनाच्या डोळ्यांत अश्रू पाहिलाय, तो अजून चकित आहे. रडका करू नकोस. आणि इटालियनची जोडव्यंजनं अजून सैल पडतायत, आठवडाभर नुसतं मोठ्याने वाच.

बाकी भेटीअंती.