खाऱ्या वाऱ्यातला एसी बदलताना

कंप्रेसर गेला म्हणून लगेच नव्या एसीकडे धावू नका. आधी बाहेरचं युनिट उघडून कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळ्या-पट्ट्यांची जाळी, बघा. आमचं घर रत्नागिरीत, समुद्र हाकेवर. सहाव्या वर्षी जाळीला बोट लावलं तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पिठासारख्या गळून हातात आल्या. अशा युनिटात पुन्हापुन्हा गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मी दोनदा ओतलं!

तुमचा जुना एसी आर-२२ या जुन्या प्रकारच्या गॅसचा असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. नवे बहुतेक आर-३२ वर चालतात आणि त्याचा दाब जास्त असतो. त्यामुळे जुनी पाइप तशीच जोडून देणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करा.

दीड टनाचा थ्री स्टार इन्व्हर्टर साधारण पस्तीस-चाळीस हजारांत बसतो, फाइव्ह स्टारला आणखी काही हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या दरपत्रकावर भाव ठरवू नका. खरी मेख बसवणीत आहे: तांब्याची जादा पाइप, स्टँड, ड्रेनचा पाइप, यांचे पैसे वेगळे लागतात. फुटाचा दर आधीच कागदावर घ्या. गॅस सोडण्याआधी मिस्त्री पाइपमधली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावतो का, हे तिथे उभं राहून बघा.

कॉइल तांब्याची, वर गंजरोधक लेप असलेलीच घ्या. स्टँड शक्यतो स्टेनलेसचा. आणि दर महिन्याला बाहेरच्या युनिटवर, वीज बंद करून, गोडं पाणी हलक्या धारेने मारा.