मराठीत कवीनं कवीसाठी केलेला शोक कुठून वाचावा?

इंग्रजी कवी शेलीनं कवी कीट्स गेल्यावर त्याच्यासाठी लिहिलं, तसं मराठीत एखादा कवी दुसऱ्या कवीसाठी रडलाय का आणि वाचायला कुठून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या लेखी उत्तर एकच, नामदेवांचे समाधीचे अभंग.

शके १२१८ च्या, म्हणजे १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. नामदेव हे सांगताना एकदम शोकावर येत नाहीत, आधी कामं येतात. त्यांची मुलं नारा, विठा, गोंदा आणि महादा समाधीची जागा झाडायला जातात. मयताच्या घरात माणसं हाताला लागेल ते काम करत राहतात ना, तसंच हे. मग निवृत्तीनाथ. थोरला भाऊ आणि गुरू, इतरांना सावरायचं ते यानंच, आणि त्याचंच मन काही केल्या राहत नाही. 'बांधल्या पेंडीचा सुटलासे आळा', आणि गवत रानोमाळ पांगतंय! आम्ही सांगलीकडची माणसं कडब्याच्या पेंड्या बांधतच वाढलो. आळा सुटला की वारा एकही काडी जागेवर ठेवत नाही. इथं पुढच्या वर्षभरात सोपान, मुक्ताई आणि निवृत्तीही गेले. त्यामुळे ही ओळ मला नुसती उपमा वाटतच नाही.

'नामा म्हणे आता लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ' हे आमच्या भजनी मंडळात म्हणताना कितीदा तरी गळे दाटून आलेले पाहिलेत.

शेलीचं १८२१ चं 'अडोनेस' मोठंच आहे. पण कीट्स क्षयानं गेला आणि शेलीनं दोष टीकाकारांवर ठेवला. त्या काव्यात राग बराच आहे. नामदेवांना रागवायला कुणीच नाही, म्हणून त्यांचं दुःख मला जास्त जड वाटतं. गालिब १८६९ मध्ये गेल्यावर त्यांचे शागीर्द हाली यांनी लिहिलेला मर्सिया, म्हणजे उर्दू शोककाव्य, नामदेवांच्या जास्त जवळचा, तोही जरूर वाचा.

आमच्या औदुंबरचं सदानंद साहित्य मंडळही अकाली गेलेल्या मित्राच्याच नावानं उभं राहिलं. तिथं दर संक्रांतीला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरतं.

नामदेवांच्या गाथेत आदि, तीर्थावळी आणि समाधी अशी तीन प्रकरणं मिळतील. थेट समाधीवर उडी मारू नका. आधी तीर्थावळी वाचा, तिच्यात हे दोघं बरोबर चालतायत, बोलतायत.