रंग बदलणाऱ्या रसायनाने बोअरच्या पाण्यातील नायट्रेट आणि फ्लोराइड घरच्या घरी ओळखता येते का?

होय, प्राथमिक अंदाजापुरते नक्की ओळखता येते. आपली बोअर रावेर भागातील केळीच्या शेतात असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून आधी नायट्रेट तपासावे. युरियासारख्या खतांचा पिकाला न लागलेला अंश याच रूपात खाली झिरपतो आणि रंग किंवा वास नसल्यामुळे तो पाण्यात असल्याची शंकाही येत नाही. या चाचणीत जस्ताची पूड नायट्रेटचे नायट्राइट करते, आणि त्याची सल्फॅनिलामाइड व आणखी एका अमाइनशी क्रिया होऊन गुलाबी ॲझो रंगद्रव्य तयार होते; गुलाबी छटा जितकी गडद, तितके नायट्रेट अधिक. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. मात्र काही चाचणी-संचांवरील आकडे नायट्रोजनच्या हिशेबात असतात आणि तेथील १० म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट, हे कृपया आवर्जून पाहावे.

फ्लोराइडच्या चाचणीत उलट घडते: रंगद्रव्याला बांधलेला झिर्कोनियम हा धातू पाण्यातील फ्लोराइडकडून ओढला जातो आणि लाल रंग फिका पडतो. संशोधनातील अनेक नवे फ्लोराइड-संवेदक सेंद्रिय द्रावकात (पाण्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या कार्बनी द्रवात) उत्तम चालतात, पण पाण्यात निष्प्रभ ठरतात, कारण पाण्याचे रेणू फ्लोराइडला घट्ट धरून ठेवतात.

छटा मर्यादेच्या जवळपास दिसली, तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तोवर तान्ह्या बाळाचे दूध त्या पाण्यात कालवू नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.