मासळीवर चाललेली जुनी पिकअप घ्यायची आहे, चासीचा गंज कसा तपासावा?

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळ तुमची हापूसची बाग आहे, पेट्या फोंडा घाटातून कोल्हापूरला न्यायला सेकंडहँड पिकअप हवी आहे. पाहिलेली 2017 ची बोलेरो पिकअप आधी बंदरावर मासळीला लागलेली होती, इंजिन मेकॅनिकने पास केलंय आणि मालकाने नुकताच खालून काळा रंग मारून घेतलाय. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, गंज आहे की नाही हे कसं ओळखायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी चिपळूणला हौद्यांचं (मागे माल भरायच्या पेटीचं) आणि चासीचं वेल्डिंग करतो, त्यामुळे अशा गाड्या हौदा उतरवलेल्या अवस्थेत माझ्यासमोर येतात.

इंजिन पास झालं म्हणजे निम्मा सौदा झाला, असं धरू नका. इंजिन खोलता येतं, गिअरबॉक्स भंगारातून दुसरा मिळतो, पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नवे भरता येतात. चासी मात्र गेली की बाकीच्या सगळ्याची किंमत सुट्या भागांएवढी. आणि तुम्ही माल भरून घाट चढणार आहात. भरलेली गाडी चढ चढताना मालाचा बराचसा भार मागच्या पाट्यांपाशी चासीवर येतो. ती जागा सडलेली असेल तर मेकॅनिकने इंजिनाला दिलेलं सर्टिफिकेट काही कामाचं नाही.

चासीचा गंज म्हणून यूट्यूबवर शोधलंत तर बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले निघतील. तिकडे थंड राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चाकांनी उडून चासीला खालून लागतं. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपचं प्रकरण त्यातूनच गाजलं. चासीला गंजरोधक थर पुरेसा नव्हता असा ग्राहकांचा दावा होता, 2016 मध्ये कंपनीने समझोता केला आणि गंजाने 10 मिमी किंवा त्याहून मोठं भोक पडलं असेल तर चासी बदलून द्यायची असं ठरलं. ते व्हिडिओ चांगले आहेत, पण त्यांत माणूस गाडीखाली आडवा होऊन चासीची खालची बाजू दाखवतो. आपल्याकडची मासळीची गाडी वरून सडते.

क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी मिसळतं आणि ते हौद्याच्या पत्र्याच्या जोडांतून, बोल्टच्या भोकांतून टपकत थेट चासीच्या वरच्या अंगावर येतं. हौदा आणि चासी यांच्यामध्ये काही गाड्यांत रबराचं पॅकिंग असतं, काहींत लाकडी पट्टी. लाकडी पट्टी असेल तर ती हे पाणी पिऊन बसते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पावसाळा संपला तरी ती जागा नीट सुकत नाही. किनाऱ्यावर तर एप्रिल-मेमध्येही हवेत भरपूर दमटपणा असतो. अशी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली तर चकाचक दिसते आणि हौदा उचलला की वरचा पत्रा हाताने सुटून येतो.

म्हणून पाहायला सुरुवात वरून करा. केबिन आणि हौदा यांच्या मधल्या फटीत मोबाईलची टॉर्च लावून व्हिडिओ काढा. मागच्या चाकाच्या वरून हात आत घालून तसाच दुसरा व्हिडिओ काढा. डोळा पोचत नाही तिथे फोन पोचतो, आणि नंतर मोठं करून शांतपणे पाहता येतं. मोबाईलला जोडायचा वायरचा छोटा कॅमेरा कोणाकडे मिळाला तर चासीच्या बाजूच्या भोकांतून तो आत सोडा. हौदा धरून ठेवणारे बोल्ट नीट बघा. नटाचे सहा कोने जाऊन त्याचा नुसता गोळा झाला असेल, तर त्याच्या शेजारच्या चासीने तेवढंच मीठ खाल्लेलं आहे. हौद्यातली मॅट उचलून कोपऱ्यात आणि जोडात वाळलेले खवले सापडतात का तेही पाहा. मालक काहीही सांगो, खवले सापडले की गाडी मासळीवर होती हे पक्कं, आणि किती सापडतात त्यावरून किती धुतली जायची याचा अंदाज येतो.

आता आपल्या भागातली एक खास अडचण. जांभ्याची लाल माती आणि गंज, दोन्हींचा रंग एकच. चिऱ्यांच्या खाणीवर किंवा कच्च्या रस्त्यावर चाललेल्या गाडीची चासी लालभडक दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. उलटंही होतं, मातीचा थर आहे म्हणत खरा गंज सोडून दिला जातो. ओलं फडकं घेऊन दाबून पुसा. माती फडक्यावर येते आणि खाली रंग दिसतो. गंज असेल तर फडकं थोडं तपकिरी होतं, पण पृष्ठभाग खरखरीतच राहतो. नुसता तपकिरी, सपाट, हाताला बारीक खरखर लागणारा गंज असेल तर फार काळजी करू नका. तो वरवरचा आहे, तारेच्या ब्रशने निघतो. काळजीचा गंज खारीसारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचकटला की जाड तुकडा निघतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे दोन पत्रे जिथे एकावर एक बसवलेले असतात तिथे तो आतून फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो. क्रॉस मेंबरच्या (चासीच्या दोन लांब बाजू जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) जोडापाशी दोन रिव्हेटांच्या मध्ये पत्रा फुगीर दिसला तर आतला गंज बराच पुढे गेलाय असं समजा.

काळ्या रंगाबद्दल. पावसाळ्याआधी चासीला ऑइल किंवा काळा रंग मारणं ही कोकणात नेहमीची गोष्ट आहे, त्यावरून मालकाला लबाड ठरवू नका. कसा मारलाय ते पाहा. ज्याने काळजीने मारला त्याने आधी घासून घेतलेलं असतं, आणि ब्रेकचे रबरी होज, बुश, वायरिंग शक्यतो वाचवलेलं असतं. विकण्यासाठी मारलेला रंग सगळ्यावर सरसकट असतो, होजवर, वायरींवर, चिकटलेल्या मातीवरसुद्धा. मातीवर बसलेला रंग नखाने उचलून येतो. मालकाला स्पष्ट विचारा, दोनचार ठिकाणी खरवडून पाहू का? प्रामाणिक माणूस हो म्हणतो, फार तर नंतर टचअप करून द्या म्हणेल. नाही म्हणाला तर ती गाडी तिथेच सोडा, पुढचं काही तपासायची गरज नाही.

खरवडल्यावर हातोडी घ्या. मोठी नको, साधी बॉल पीन (एका बाजूला गोल डोक्याची) हातोडी पुरे. चासी पुढून मागे हलकेच ठोकत जा आणि कान द्या. धड लोखंड टणटणीत वाजतं, हातोडी उसळते. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि आतून काहीतरी झरझर पडल्याचं ऐकू येतं. बंद पेटीसारख्या भागात हा आवाज महत्त्वाचा, कारण तिथला गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. त्या भागाला खाली पाणी निघायला भोकं असतात. ती बुजली असतील तर तारेने मोकळी करा आणि काय बाहेर येतं ते पाहा. बारीक माती आली तर ठीक आहे. गंजाच्या चिपा आल्या तर ठीक नाही. आणि गुळगुळीत गाळ आला तर गाडी पुरात होती का हे विचारा. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ नंतर दुरुस्त होऊन बाजारात आल्या. बाहेरून धुतलेली चासी आतून धुतली गेलेली नसते. इन्शुरन्सचे जुने कागद मागून क्लेम झालेला आहे का ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी, म्हणजे पाटे चासीला धरलेल्या जागांपाशी घालवा. पाट्याचं पुढचं टोक जिथे चासीला धरलंय ती जागा, मागची शॅकलची (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीची) जागा, आणि या दोहोंच्या मध्ये ॲक्सलवरून चासी कमानीसारखी वर उचलली जाते तो भाग. भार तिथे येतो आणि मागच्या चाकांचं पाणीही तिथेच उडतं. चासीचा आडवा छेद डोळ्यासमोर आणलात तर उभा पत्रा आणि त्याला वर-खाली वळवलेल्या आडव्या पट्ट्या दिसतील. त्या आडव्या पट्ट्यांना आम्ही फ्लँज म्हणतो. गाडी भरल्यावर वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण या फ्लँजवर येतो, उभ्या पत्र्याच्या मध्यावर तेवढा नाही. म्हणून उभ्या पत्र्याच्या मधोमध एखादा खोल डाग चालवून घेता येईल, पण फ्लँजची कड कुरतडल्यासारखी झाली असेल किंवा हँगरजवळ भोक असेल तर घेऊ नका. अमेरिकेतल्या त्या 10 मिमीच्या मापाची वाटही पाहू नका, घाटात चालणाऱ्या भारवाहू गाडीला तिथे लहान भोकही नको.

संशय असेल तर मोजा. लेथवाल्याकडे व्हर्निअर (बारीक जाडी मोजायचं साधन) असतो, तासाभरासाठी मागून आणा. फ्लँजचा पापुद्रा ब्रशने पूर्ण काढून तिथली जाडी घ्या आणि त्याच चासीवर, त्याच पट्टीवर, जिथे मूळ रंग शाबूत आहे तिथली जाडी घ्या. पापुद्रा न काढता मोजलं तर गंजामुळे पत्रा उलट जाडच भरेल. मी स्वतः एक चतुर्थांशाहून जास्त पत्रा गेलेली चासी कोणाला घ्यायला सांगत नाही.

वेल्डिंग केलेलं दिसलं तर लगेच नाही म्हणू नका, पण कसं केलंय ते पाहा. उभ्या सरळ रेषेत वरून खाली चासी कापल्यासारखा वेल्ड असेल तर तिथेच पुन्हा तडा जातो. नीट केलेल्या कामात जोडपट्टी लांब असते आणि तिची टोकं तिरकी कापलेली असतात, म्हणजे ताण एका रेषेवर जमा होत नाही. सडलेल्या पत्र्यावरच पट्टी चिकटवली असेल तर आतला गंज चालूच राहतो आणि दोन्ही पत्र्यांच्या मध्ये पाणी साचतं. असं काम पुष्कळ येतं माझ्याकडे आणि ते उघडताना फार वाईट वाटतं, कारण माणसाने पैसे आधीच भरलेले असतात. जाड पुट्टी भरलेल्या जागी साधं लोहचुंबक चिकटत नाही. खिशात एक ठेवा.

चासीच्या कडेने जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप बोट फिरवून तपासा, विशेषतः क्लिपच्या खाली, कारण क्लिपमध्ये मीठ अडकून पाइप तिथेच आधी कुजतो. पाइप बदलणं मोठा खर्च नाही, पण पहिली फेरी मारायच्या आधी बदला. गाडी सपाट जागी उभी करून केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर आणि खाली, डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे का तेही पाहा. वर कमी आणि खाली जास्त असेल तर चासी मध्ये बसलेली असू शकते. शक्य झालं तर माल भरून पुन्हा पाहा.

चासीवर ठोकलेला नंबर कुठे आहे ते मालकालाच दाखवायला सांगा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. गंजाने अक्षरं खाल्ली असतील तर पासिंगला अडचण येणार. तुमची गाडी 8 वर्षांच्या पुढे गेलेली आहे, म्हणजे फिटनेस दर वर्षी करावा लागणार आणि ती अडचण दर वर्षी येणार. नंबरप्लेट एमएच-09 किंवा एमएच-12 असली तरी गाडी घाटावरच राहिली असं समजू नका. कोल्हापूर-पुण्याच्या पासिंगच्या गाड्याही बंदरावर मासळी भरायला येतात.

या सगळ्यातून गाडी पास झाली आणि घेतलीत, तर आंबा सुरू व्हायच्या आधी एकदा हौदा उतरवून घ्या. चासीचा वरचा भाग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, दोन दिवस उन्हात सुकू द्या, घासून रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग द्या. लाकडी पट्टी असेल तर ती काढून रबर घाला. हौदा परत बसवताना बोल्ट नवेच घ्या.