सायकल आणि कार, दोन्हीसाठी एकच गॉगल चालेल का?

चालेल, पॉलिकार्बोनेट (सहज न फुटणारं प्लास्टिक) काचेचा, यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणारा), कॅटेगरी ३ चा, राखाडी किंवा तपकिरी गॉगल घ्या. कॅटेगरी म्हणजे काच किती गडद ते; तिचा आकडा बहुधा काडीच्या आत बारीक छापलेला असतो. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. ४ चा घेऊ नका, तो गाडी चालवण्यासाठी नसतोच. उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काच सायकलवर उत्तम, पण कारमध्ये फारशी उपयोगी नाही: ती अतिनील किरणांनी काळी होते आणि ते बरेचसे विंडशील्डच अडवते. पोलराइज्ड काच ओल्या रस्त्याची चमक मारते, कारमध्ये खरंच सुख वाटतं. मात्र सायकल चालवताना तीच चमक रस्त्यावर सांडलेलं तेल दाखवत असते, शिवाय काही स्क्रीन तिच्यातून काळपट दिसतात. दुकानातच मोबाइल उभा-आडवा फिरवून बघा. हेल्मेट सोबत न्या. ते घालून, हँडलवर वाकल्यासारखं होऊन समोर बघा. फ्रेमची वरची कड नजरेच्या मध्ये आली तर तो गॉगल सायकलला नको. आणि कितीही चांगला असला तरी बोगद्यात शिरण्याआधी आणि अंधार पडताच काढा.